अहो आश्चर्यम्!

अगं, 'अहो आश्चर्यम्' या शब्दांना मी आजही हात जोडते.

सासरे गेल्यावर आमच्या सासूबाईंनी बोलणंच सोडलं होतं. जेवलात का विचारलं तरी नुसती मान हलवायच्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगलींचे दिवस होते. मानवतच्या एसट्या कधी यायच्या, कधी नाही, त्यामुळे त्यांच्या लेकींनाही येता येईना. मग दुपारी त्यांच्याजवळ बसून मी वाचनालयातलं पुस्तक मोठ्यानं वाचू लागले. स्पॅनिश विनोदी कादंबरी होती, मराठीत आणलेली. तिच्यातला म्हातारा सरदार पवनचक्कीला राक्षस समजून तिच्यावर घोडा घालतो आणि घोड्यासकट आपटतो. ते बघून गाढवावरचा त्याचा नोकर ओरडतो, "अहो आश्चर्यम्!"

"आसं कोन वरडतं व्हय?"

मी दचकून वर पाहिलं. सासूबाईच बोलत होत्या!

"मालक पडलाय की त्येचा! मानूस 'आगं मायऽऽ' म्हनंल का आश्चर्यम्?"

माझ्या हातून पुस्तकच गळालं. "आगं मायऽऽ! आत्याबाई, तुमी बोलायलाव!"

"हां, आता बरुबर म्हनलीस," त्या म्हणाल्या. "वाच फुडं. लय लागलं का त्येला?"