बुडबुडा राहिलाय अजून एक

—नाही, नाही, हीटर बंद करायचा नाही, कोल्टन! जुलै असला म्हणून काय झालं, हीटर फुल म्हणजे फुल. घाम येतोय? येणारच, होणारा जावई ना तू! मी इथं रेडिएटरच्या उघड्या तोंडावर वाकलोय, तू आत बसून सांगायचं— वारा गरम येतोय की गार. कूलंटात— इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात— हवा अडकली की वारा गार येतो आणि इंजिन तापतं. म्हणून गाडीचं नाक वर करून ठेवायचं, हवा आपसूक वर येते— पण आपल्या सस्कॅचवानात चढ आहे कुठे? नुसता पोळपाट! काय तो धान्याच्या कोठारासमोरचा हा एवढाच. माझी लारिसा सहा वर्षांची असताना इथंच बुडबुडे बघत माझ्या शेजारी उभी राहायची.

बरं, तिला घेऊन राहायला निघालायस, त्या हॅलिफॅक्सला एवढं काय आहे रे? समुद्र? समुद्र काय खायचाय? तुला पेरोही करता येतात का— बटाटा-चीज भरलेल्या, उकडलेल्या करंज्या? नाही? मग माझ्या पोरीला घालणार काय, पाव?— हात काढ त्या बटणावरून! बुडबुडा राहिलाय अजून एक. हट्टी आहे... बरं, नाही राहिला. हवा केव्हाच गेली. पण एरवी तू माझ्यासमोर इतका वेळ बसला असतास?

हसू नकोस. खरं सांगू? सकाळी कूलंट बदललं, तेव्हा गाडी चढावर आणलीच नाही मी. भरलं, झाकण लावलं, म्हटलं निघा. चुकून? पस्तीस वर्षं गॅरेज चालवतोय, चुकून कसलं! म्हटलं, इंजिन तापून काटा चढेल, पोरगी लगेच थांबेल— तेवढं शिकवलंय तिला— आणि येतील परत. एक जेवण आणखी. आलात की नाही चाळीस किलोमीटरवरून? 'बाबा, गाडी तापली' म्हणाली—

काय? काटा हललाच नव्हता? मग वळवली कशाला?... मी गाडी चढावर नेली नाही, हे तिला निघतानाच कळलं होतं? आणि रस्ताभर रडत होती?

आणि मला एका शब्दानं... वर ताटात दोनदा पेरोही मागून घेतल्या!

...बंद कर तो हीटर, झाकण लावू दे. काही बोलू नकोस आता. गाडी ठीक आहे, पार समुद्रापर्यंत जाईल. घेऊन जा तिला. अरे, बघतोस काय माझ्याकडे? जा म्हटलं ना!