बंद काचेआडचा आवाज

बसमध्ये नीरजाच्या पुढच्या बाकावर धायरीची एक बाई बहिणीला सांगत होती.

"भंगारात किरण सोडणारं कायतरी घावलं, म्हणून काल कर्ण्याची गाडी आलती. घाबरू नका, धोका नाही, म्हनं."

"मग?"

"म्या गाडीत बोलणाऱ्या बाईला इचारलं, बाई, पोर त्याच भंगारात खेळलीया, दवाखान्यात न्यू का? तर बाईनं काचसुदीक खाली केली न्हाई. आतनंच परत तेच, घाबरू नका!"

"आन् पोर?"

"सासूपाशी हाय. हात लाल झाल्यात. पर धोका न्हाई म्हनली, मग कशाला न्यायची?"

कंडक्टर नीरजापाशी आला. "कुठं जायचं?"

तोंड उघडलं की पुढची बाई कालचा कर्ण्यावरचा आवाज ओळखेल. नीरजानं मोबाईलवर थांब्याचं नाव लिहून दाखवलं.

"बोलता येत नाही का?"

नीरजानं नकारार्थी मान हलवली.

पुढची बाई वळली. "आरं, मुकी हाय बिचारी. तिच्यावर खेकसू नगंस."