शेजारचं फ्री वायफाय

तुम्ही नेटच्या तक्रारी करताय म्हणून सांगतो. माझी बायको दर रविवारी सकाळी कॅनडातल्या मुलीशी बोलते, आणि दर वेळी स्क्रीनवर मुलीचा चेहरा मध्येच अडकतो. आयुष्यभर फिजिक्स शिकवलेल्या मी राउटर खिडकीत नेला, वायर बदलली, शेवटी कंपनीचा माणूस बोलावला. तो म्हणाला, लाइन ठीक आहे. म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार, असं मी धरून चाललो.

मग एकदा आमच्या कुंपणाच्या गडग्यावर एक पर्यटक लॅपटॉप घेऊन बसलेला दिसला. मला म्हणाला, "काका, होमस्टेचं वायफाय इथे मस्त मिळतं. फक्त रविवारी सकाळी कोणीतरी स्लो करतं."

होमस्टे शेजारच्या बाबल्याचा. त्याचं नेट गेलं होतं तेव्हा एका दिवसापुरता मी त्याला आमच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. मी तो लगेच बदलला. बायको खूश झाली. दुपारी बाबलो दारात हजर.

"काय ओ सर, नेट खंय गेला? माझे पावणे बोंब मारतत."

"अरे, ते माझं नेट आहे."

"तुमचाच ता. पण तुमका दोगांका कितीसा लागता?"

मला खरंच वाटलं, आपण जरा अतिच केलं. नवा पासवर्ड मीच त्याच्या फोनमध्ये घालून दिला.

रविवारी "आई, तू" एवढंच म्हणून मुलगी पुन्हा अडकली.

बायकोने विचारलं, "पासवर्ड बदललात मा?"

"बदलला."

"मगे?"

"लाइनच खराब असेल," मी म्हणालो.