दाजींच्या कासविणीची सोयरीक

आमच्या दाजींनी कासविणीचं लग्न ठरवलं होतं, हे सांगितलं का तुम्हाला? दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तळेगावात राहतात. त्यांच्या बाथरूममध्ये एका टबात ही कासवीण होती. ती खाईना, तेव्हा दाजींनी स्वतःच निदान केलं, "लय एकटी पडलीय. जोडी लावू, पिल्लं होतील." जवळच्या इंदुरी गावात एकाकडे नर आहे, हेही त्यांनी शोधून काढलं. आधी डॉक्टरला विचारा, असा ताईनं हट्ट धरला, म्हणून आम्ही तिघं टब घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरांनी कासविणीच्या पाठीवर अंगठा टेकवला, तर पाठ चक्क दबली.

"खायला काय देता?"

"दूध-बिस्कीट."

"ऊन?"

"छे छे, ऊन न्हाई लागू देत," दाजी अभिमानानं म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, हिच्या स्वतःच्या पाठीला कॅल्शियम पुरत नाही, अंड्यांना कुठून आणेल? पिल्लांचा विषय सोडा. आणि ही जात घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. आजच वनखात्याकडे द्या, तिथं जगेल तरी."

दाजींचा चेहरा पडला. टबावर हात ठेवून हळूच म्हणाले, "पिल्लं मी नीट सांभाळली असती हो."

तेव्हा ताई बोलली, "डॉक्टर, आमची दोन पोरं कितवीत आहेत, तेवढं विचारा यांना."

दाजी पंख्याकडे बघत बोटं मोजू लागले, मग टब उचलून म्हणाले, "चला, वनखात्याचं ऑफिस बंद होईल."