बाबांचं "हं"

आई: ह्या खुर्च्या कुणी केल्यात कोण जाणे. बसलं की पुढे घसरायला होतं. माणसाने टेकूच नये असा बेत दिसतो.

ताई: मागे सरकून बस ना, आई. मघापासून टोकावर बसलीयेस.

आई: टोकावरच बरी. दिवा लागला की दिसेल तरी.

धाकटा: कसला दिवा? मी बॅग घेऊन थेट इथे येतोय, मला कुणीतरी नीट सांगा.

ताई: त्या दारावरचा. लाल झाला की ऑपरेशन सुरू. आत्ता तयारी चाललीय, भूल अजून दिलेली नाही. गळ्यातली गाठ काढायची तर आवाजाची पेटीही जाणार. जीव राहील, आवाज नाही.

धाकटा: आणि नाही काढली तर?

ताई: तर वर्षभर. तेही नशिबाने साथ दिली तर.

धाकटा: बाबा तयार झाले?

ताई: झाले.

धाकटा: आपले बाबा? दाढ काढायची म्हटल्यावर अख्खा उन्हाळा गाल धरून बसले होते ते.

ताई: इथे पद्धत आहे, पेशंटने स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं. काल डॉक्टर समोर बसून त्यांच्या भाषेत बोलले, मी बाबांना आपल्या भाषेत सांगितलं. बाबांनी उत्तर दिलं.

धाकटा: काय दिलं?

ताई: "हं" म्हणाले.

धाकटा: लांबट की तुटक?

ताई: गाण्याच्या परीक्षेला बसवतोयस का मला? इथल्या भाषेत "हं" म्हणजे हो. पक्कं हो. डॉक्टरांनी मान डोलावली, विषय संपला.

धाकटा: पण बाबा इथल्या भाषेत कुठे बोलत होते?

आई: काल खोलीत होती त्या नर्सच्या मुलखात तर आणखीनच वेगळं आहे.

ताई: आई, ते आत्ता नको.

आई: का नको? तूच तर मला समजावून सांगितलंस. काल उशी सारखी करत होती, ह्यांचं "हं" कानावर पडलं तशी थबकलीच. तिच्याकडे म्हणे, घर सोडून कायमचा निघालेला माणूस दार ओढून घेताना एवढंच म्हणतो. मागे राहणाऱ्यांना.

धाकटा: आणि आपल्या घरात? शेजारच्या काकांनी शिडी मागितली, बाबा "हं" म्हणाले. काका संध्याकाळपर्यंत कुंपणाशी उभे.

आई: शेवटी मीच नेऊन दिली, बिचाऱ्याला.

धाकटा: मी विचारलं, लांब शिकायला जाऊ का. "हं." त्यानंतर मी निघेपर्यंत माझ्याशी शब्द नाही. आणि ताई, तू लग्नाचं सांगितलंस तेव्हा?

ताई: "हं" म्हणाले.

धाकटा: आणि लग्नात?

ताई: आले नाहीत.

धाकटा: इथे दवाखान्याचा दुभाषा नसतो का गं?

ताई: असतो. मीच नको म्हटलं. घरची मुलगी असताना परका माणूस कशाला मध्ये.

धाकटा: परक्याने बाबांना पुन्हा विचारलं असतं.

ताई: हो, विचारलं असतं. मग? तू लांबून फोनवर चौकशा करणार, रोज त्यांना खोकताना मी बघणार. आणि बोलतात कुठे रे ते एरवी? दिवसभर मशीनवर मान खाली घालून लोकांचे कपडे शिवणार, जेवायला बसले की "मीठ" आणि उठले की "झालं". आवाज गेला तर घरात कुणाला पत्ता तरी लागेल का?

आई: मला लागेल.

ताई: तसं नव्हतं म्हणायचं मला, आई.

आई: दिवसा नाही बोलत. तुम्ही झोपलात की बोलायचे. अंधारात. कुणाच्या कोटाचं अस्तर विरलंय, कोण एकाएकी बारीक झालाय, कुणाची बाही ह्या वर्षी दोन बोटं वाढवावी लागली. धाकट्याने फोन केला की त्या रात्री तर गप्प बसायचंच नाव नाही. माझा डोळा लागेपर्यंत चालायचं सगळं. अजून चालतं.

धाकटा: हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस.

आई: तुमच्याशी थोडंच बोलत होते.

धाकटा: मग काल तू का गप्प राहिलीस? डॉक्टरांनी तुझ्याकडे पाहिलं नाही?

आई: पाहिलं.

धाकटा: मग?

आई: मी ह्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

ताई: पुरे कर रे आता. तिला कशाला उभी करतोस पिंजऱ्यात?

धाकटा: दिवा लागलेला नाही अजून.

ताई: माहितीये मला.

(दार अर्धवट उघडतं. नर्स बाहेर येते, ताईला हळू आवाजात काही विचारते आणि दार हाताने धरून तशीच उभी राहते.)

आई: काय म्हणतेय?

ताई: काही नाही.

आई: एवढं मोठं वाक्य "काही नाही"चं नसतं गं.

ताई: बाबा आत सारखं "हं, हं" करताहेत. डॉक्टर थांबलेत. विचारताहेत, ह्याचा अर्थ काय.

धाकटा: सांग ना मग.

ताई: काय सांगू? तूच सांग, काय सांगू? एक वर्ष, आई. ते सुद्धा धड नाही. हो म्हटलं तर निदान समोर बसलेले दिसतील तुला.

आई: दिसतील. आणि रात्रभर माझ्याकडे पाठ करून पडतील.

ताई: आई, ती वाट बघतेय.

आई: सांग तिला. नाही म्हणताहेत ते. कालही नाहीच म्हणाले होते, आणि ते आपल्याला दोघींनाही कळलं होतं.