पुढचा गेला म्हणून

(ओमानमध्ये, मस्कतजवळच्या बौशरला दुकानासमोर उभी गाडी. आत बाळकृष्ण आणि त्याचा मित्र नूरुद्दीन. फोन स्पीकरवर, पलीकडे बाळकृष्णची लेक ज्ञानदा, हिमाचलमधल्या एका खिंडीखाली.)

बाळकृष्ण : बर्फाचं मला विचारतेस? अगं, इथे बेचाळीस डिग्री आहे. मी बर्फ पाहिला तो सरबतात. त्यानेही घसा धरला.

ज्ञानदा : बाबा, जोक नको, सिग्नल जाईल. ग्रुप पुढे न्यायचा की परत, मला ठरवायचंय. ट्रेकची लीडर मी आहे.

बाळकृष्ण : गाईड काय म्हणतो?

ज्ञानदा : परत. रात्री ढग होते, सो बर्फ गोठलाच नाही. त्याने फावड्याने कापून बघितला, वरचा ओला थर सरळ सरकून खाली आला. आता ऊन पडलंय आणि उतारावरून लाडवाएवढे गोळे आपोआप घरंगळतायत. म्हणजे अख्खा उतार कधीही सुटेल.

नूरुद्दीन : मग खलास! त्यात विचारायचं काय, बेटी?

ज्ञानदा : नूरूचाचा, लोक ऐकत नाहीत. पहाटे एक ग्रुप इथूनच गेला, त्यांची पावलं दिसतायत. म्हणतात, ते गेले, आपण का नाही? आणि उशीर माझ्यामुळे झाला. यांना अंघोळीला गरम पाणी हवं होतं, मी हो म्हटलं. आता वळले तर घाबरट म्हणतील.

बाळकृष्ण : हां, आता विषय माझा आला. पुढचा गेला म्हणून मागून जाणे, यात तुझ्या बापाचा हात कोणी धरणार नाही.

नूरुद्दीन : इब्राजवळचा तो नाला, ती वादी ना?

बाळकृष्ण : तीच. आकाश निळंशार, एरवी कोरड्या नाल्यात गुडघाभर पाणी. पुढची पिकअप गेली पलीकडे. म्हटलं, आपली तर फोर बाय फोर! वर डोंगरात पाऊस किती पडला होता, ते फक्त पाण्याला ठाऊक.

नूरुद्दीन : आणि बाजूला मी अक्कलवंत. "यल्ला बाळ्या, घाल!" मीच बोललो.

बाळकृष्ण : मधोमध लोंढा आला, गाडी अडकली. मग दोघे टपावर, कावळ्यांसारखे. सोडवायला आलेल्या ओमानी पोराने विचारलं, पाणी दिसलं नाही? म्हटलं, दिसलं. पण तो गेला ना!

ज्ञानदा : आई अजून सगळ्यांना सांगते ते.

बाळकृष्ण : सांगू दे. हसायला तिच्याकडे नवरा उरलाय. ज्ञानू, मला भीती वाटतेय गं. मागे फिर. म्हणावं, बाप ओमानात रडत बसलाय. दोष माझ्यावर घाल.

ज्ञानदा : नको. माझं मी सांगते. फोन ठेवू नकोस.

नूरुद्दीन : बाळ्या, नाक का ओढतोयस?

बाळकृष्ण : एसी जोरात आहे.

नूरुद्दीन : एसी तूच बंद केलास, तिचा आवाज नीट यावा म्हणून.

बाळकृष्ण : गप्प बस रे.

ज्ञानदा : (बऱ्याच वेळाने) बाबा? वळलो. उताराच्या बाहेर आलो. पण कोणी बोलत नाही माझ्याशी. एक काका म्हणाले, पुन्हा तुझ्याबरोबर येणार नाही.

बाळकृष्ण : मोजलीस माणसं? सगळी आहेत?

ज्ञानदा : आहेत.

बाळकृष्ण : मग रुसू देत.