दोन आटे ढिला

—नाही साहेब, सही करू नका, आधी ते पेन खिशात घाला. सिम्युलेटर खऱ्या विमानासारखा चालला म्हणता? चालणारच! तुम्ही तपासायला येणार म्हणून काल मीच या हातांनी स्क्रू परत घट्ट केला. कुठला काय, हा—सिम्युलेटरच्या डब्याच्या पोटाखाली, पिवळ्या खुणेचा, थरथरीचा जोर ठरवणारा. वीस वर्षं या डब्याच्या सहा पायांना तेल पाजतोय मी, शाळा चौथीत सुटली, पण एवढं कळतं—विमानाचा वेग फार पडला की ते अंगात आल्यासारखं थरथरतं, मग कोसळतं, बरोबर? ती थरथर ओळखायची आणि लगेच नाक खाली दाबायचं, हेच तर इथे पोरांना शिकवायचं! पण थरथरीने पायांची सील फाटतात, तेल गळतं, दोन दिवस खोली बंद—मग आमचे मोठे साहेब म्हणतात, काका, दोन आटे ढिला करा. केला. आता डबा डुलतो, पाळण्यासारखा! पोरं आत हसतात, पास होतात, बाहेर येऊन फोटो काढतात. शी! शिसारी येते—त्यांची, आणि राग मानू नका, तुमचीसुद्धा. वर्षातून एकदा येता, तेही आधी कळवून, चहा पिता, कागद रंगवता, चाललात.

मग मी इतके दिवस गप्प का बसलो? पोटासाठी—नाही, खोटं कशाला बोलू. एक पोरगी खऱ्या थरथरीत दोनदा नापास झाली होती. हातच चालायचे नाहीत तिचे. तिसऱ्या वेळी... तेव्हा मोठ्या साहेबांनी काही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा स्क्रू फिरवला तो मीच. सील वाचतात हेही मग मीच त्यांच्या कानात घातलं, म्हणजे स्क्रू ढिला का, हे कुणी विचारायला नको. ती हसत बाहेर आली, गळ्यात पडली—बाबा, जमलं! सोमवारी पहिल्यांदा माणसं घेऊन उडणार आहे, शंभर-सव्वाशे. तिच्या आईने घर डोक्यावर घेतलंय आणि मी इथे तुमचं पेन अडवतोय.

काय? नाव? परवाना थांबेल, माहीत आहे मला. ती तोंड बघणार नाही माझं, तेही माहीत आहे. पुन्हा बसवा तिला, स्क्रू पूर्ण घट्ट ठेवून, आणि मला खोलीत येऊ देऊ नका. लिहा. आडनाव माझंच आहे. असं बघताय काय माझ्याकडे—लिहा म्हटलं ना! झालं? मग निघा, साहेब. दार ओढून घ्या.